मायचा चांगला हात

मायच्या अंगावरून वारं गेलं ते सांडगे घालता घालता. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला, तोंड उजवीकडं ओढलं गेलं. नांदेडच्या दवाखान्यात जीव वाचला, पण घरी आणल्यावर पुढं काय करायचं ते कोणालाच उमजेना. जवळा बाजारच्या पलीकडं आमचं गाव. तिथं माझा भाऊ शेती करतो. त्यानं ओसरीत बाज टाकली, वर नवी गादी टाकली आणि मायला सांगितलं, "तू जन्मभर खपली, आता निवांत पडून राहा." बिचाऱ्यानं मनापासून सांगितलं होतं.

मायला मात्र निवांत पडायचं नव्हतं. मी भेटायला गेले तर तिनं मला जवळ ओढलं आणि वाकड्या तोंडानं, अर्धे शब्द गिळत, बोलली, "मला परसाकडं माझ्या पायानं जाता आलं पायजे. सुनेनं धुवायचं म्हणजे... त्यापेक्षा मी खातच न्हाई." आणि खरंच तिनं खाणं कमी केलं होतं. भावजय रडत सांगत होती की सासूबाई अर्ध्या भाकरीवर हात आखडतात, पाणी तर घोटभरच पितात. तेव्हा मला कळलं की ही बाई पाय आला नाही तर उपाशी राहून जाईल, आणि ते कुणाला न सांगता करील. 

परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा होऊन दोन-चार वर्षं झाली होती. मी वसमतला राहायची, घरीच ब्लाऊज शिवायची. आमच्या गल्लीबाहेर, हळद शिजवायचे कढाईखाने लागतात त्या बाजूला, एका जुन्या हळदीच्या गोदामात लकव्याच्या पेशंटचं एक केंद्र निघालं होतं. तिथं पेशंटला ठेवून घ्यायचे, व्यायाम द्यायचे, चालतं करून घरी पाठवायचे. लोक त्याला 'लकव्याचं घर' म्हणायचे. भिंतींना चुना देऊन देऊन हळद काही गेली नव्हती. ढगाळ दिवशी आत शिरलं की हळदीचा वास यायचा. मी भावाशी भांडले, भावजयीला माझ्या बाजूनं घेतलं आणि मायला तिथं नेऊन घातलं.

आता माझा स्वभाव सांगते. मी भोचक आहे. ब्लाऊजचं माप घेता घेता मी गिऱ्हाइकाच्या घरातलं सगळं काढून घेते, त्यात मला काही लाज वाटत नाही. तेव्हा मायला तिथं ठेवलं आणि मी रोज चार वाजता जाऊन बसायला लागले, ते मायसाठी तर होतंच, पण तिथं चालतं तरी काय, हे बघायची मला भारी खाज होती.

पहिल्याच दिवशी माझं डोकं भणकलं. मायच्या पाण्याचा गिलास तिच्या डाव्या बाजूला ठेवलेला, म्हणजे गेलेल्या बाजूला. मी उचलून उजवीकडं ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडं! मी सिस्टरांना गाठलं. उंच, करड्या आवाजाच्या बाई. सगळं केंद्र त्यांच्या नजरेवर चालायचं. म्हटलं, "काहो बाई, पेशंटचा छळ मांडला का इथं?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "लकवा झाला की माणूस ती बाजूच विसरतं. तहान लागली की तिनं मान तिकडं वळवावी म्हणून गिलास तिथं. मान वळली की मग हाताचं बघू."  घरी जाऊन मीसुद्धा एका बाजूला गिलास ठेवून बघितला, नुसतं कळावं म्हणून.

तिथल्या कितीतरी गोष्टी मला अशाच विचारून विचारून कळल्या. टाचांखाली टॉवेलची गुंडाळी का, तर टाच गादीला घासून चिघळू नये. पेशंटला सारखं कुशीवर का फिरवतात, तर पाठीला जखम होऊ नये. एवढे पेशंट, पण एकाच्याही पाठीला जखम नव्हती. मी मुद्दाम पाठी बघितल्या, अंघोळीच्या निमित्तानं. तांड्यावरची एक मावशी बायकांच्या खोलीत कामाला होती, ती हसून म्हणाली, "इन्स्पेक्शनला आली का वं?" म्हटलं, व्हय, आलेय. सुनेच्या हातात असते तशी माया तिच्या हातात नव्हती. ती धसमुसळी होती, गाणं म्हणत पेशंटला उलथायची. पण जे करायचं ते रोज करायची, कंटाळा आला म्हणून चुकवायची नाही. माया असलेल्या माणसाचं तसं नसतं, हे मी आमच्याच घरात बघितलं होतं.

एक नियम तेवढा मला डाचायचा. सकाळी नातेवाइकांना बंदी. सकाळी नांदेडहून व्यायामाच्या दोघी मॅडम यायच्या आणि हॉलमध्ये पेशंटला उभं करायच्या. तिथं नातेवाईक असले की "अगं पडल ती, सोड तिला" असा गिल्ला करायचे, पेशंटला उचलून धरायचे, भाकरी भरवायचे. म्हणून दाराला कडी.

माय झपाट्यानं सुधारत होती. तोंडातून शब्द नीट यायला लागले. लोखंडी पाइपांच्या दोन कठड्यांमध्ये उभी राहते, चांगल्या हातानं पाइप धरून पाऊल टाकते, असं सिस्टर सांगायच्या. जेवण वाढलं. ही बातमी गावभर झाली. भावकीतल्या एका घरानं ती ऐकली आणि त्यांच्या म्हाताऱ्यालाही त्याच केंद्रात आणून ठेवलं. म्हातारे म्हणजे माझ्या वडलांचे थोरले चुलतभाऊ. त्यांची सगळी उजवी बाजू गेली होती आणि वाचा पार बसली होती. मला बरंच वाटलं, घरचं माणूस सोबतीला आलं. मी त्यांना पुरुषांच्या खोलीत भेटून आले, पाया पडले. त्यांनी डावा हात डोक्यावर ठेवला.

आणि मग मायचं बिनसलं. का, ते कळेना. सिस्टर सांगायला लागल्या, "तुमची आई पाऊल टाकत नाही. पाइप धरत नाही. उभी राहते आणि तशीच थिजते." मॅडमना भीती वाटत होती की चांगल्या हातातली ताकद जातेय. पुन्हा वारं गेलं का काय म्हणून नांदेडच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, नवीन काही नाही. मायला विचारलं तर ती छताकडं बघायची. "जीव लागंना," एवढंच. आणि ताटात पुन्हा भाकरी उरायला लागली.

सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. "बाहेर लोक नंबर लावून बसलेत," त्या म्हणाल्या. "महिना संपेपर्यंत फरक पडला नाही तर घरी न्यावं लागेल. मला वाईट वाटतं." त्यांना खरंच वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. मला डोळ्यांपुढं ओसरीतली ती बाज दिसायला लागली.

मी सगळ्यांवर संशय घेतला, एकालाही सोडलं नाही. गोळ्या बदलल्या का? नाही. मावशी काही बोलली का? मावशी माझ्यावरच खेकसली. मॅडमचा हात जड आहे का? मीठ कमी आहे का? चप्पल टोचते का? चप्पल तर मी स्वतः घालून बघितली. मला त्या दिवसांत झोपेत सुद्धा प्रश्नच पडायचे, आणि नवरा म्हणायचा, "तुला पोलिसात भरती करायला पायजे होतं."

मायची पातळं मी धुवायला घरी आणायची. एके दिवशी वाळत घालताना बघितलं तर पदराचा काठ एका जागी पार चुरगळलेला. दुसरं पातळ उलगडलं, त्यातही तीच जागा, तसाच चुरगळा. कापड मुठीत घामानं दाबून धरलं की असं होतं. नवीन नवरीच्या शालूला मी पुष्कळदा इस्त्री केली आहे. पण ही बोहल्यावरची नवरी थोडीच होती! माय कशाला मूठ आवळून बसते? मला राहवेना. सकाळी आत शिरायलाच पाहिजे होतं.

सिस्टरांना हॉलच्या खिडक्यांना पडदे हवे होते. मी म्हटलं, शिवून देते, पण माप सकाळच्या उजेडातच घ्यावं लागतं. ही शुद्ध थाप होती. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "या. पण तोंड बंद."

मी टेप गळ्यात टाकून खिडकीपाशी उभी राहिले. मायला आणलं, दोन पाइपांच्या मधे उभं केलं. मॅडम म्हणाल्या, "आजी, धरा." मायनं उजवा हात उचलला, पाइपाकडं नेला, आणि तेवढ्यात दारातून मावशीनं म्हाताऱ्यांची चाकाची खुर्ची ढकलत आणली. मायचा हात पाइप सोडून झटक्यात वर गेला. पदर कपाळाखाली ओढला आणि हनुवटीपाशी मुठीत घट्ट धरला. तो हात मग तिथून हलेना. मॅडम "धरा ना आजी, धरा" म्हणून घसा फोडत होत्या आणि माय खांबासारखी उभी.

मी म्हाताऱ्यांकडं बघितलं. ते खुर्चीत मान मोडेपर्यंत पलीकडं वळवून भिंतीकडं बघत बसलेले. दुसऱ्या मॅडम त्यांची मान सरळ करायच्या, ती परत भिंतीकडं. "यांची मान आखडतेय," त्या काळजीनं म्हणत होत्या.

अगं बाई! मी एवढ्या मोठ्यानं हसले की सिस्टर धावत आल्या.

ते मायचे भासरे होते. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. चुलत असला म्हणून काय झालं. आमच्याकडं बाई भासऱ्यापुढं तोंड दाखवत नाही, बाजेवर बसत नाही, बोलत तर नाहीच. भासराही तेवढाच पाळतो. घरात शिरायच्या आधी अंगणातूनच खाकरतो, म्हणजे बायका पदर सावरून आत सरतात. मायनं चाळीस वर्षं हे पाळलं. दोन्ही हात कामात असले की ती पदर दातात धरायची. आता तोंड वाकडं, दातात पदर ठरत नव्हता. आणि म्हाताऱ्यांची वाचा गेलेली, खाकरणार कसे? खुर्चीची रबराची चाकं आवाज न करता यायची. म्हणून ही बाई हॉलमध्ये शिरल्यापासून एकुलत्या एका चांगल्या हातानं पदर धरून उभी होती, आणि चालायला दुसरा हात आणायचा कुठून? मला हे आधी कसं सुचलं नाही म्हणाल, तर मी वसमतला येऊन पंचवीस वर्षं झाली होती, आमच्या गल्लीत कोण कुणापुढं पदर घेतं? आणि दवाखान्यात कसला आलाय भासरा, असंच मी धरून चालले होते.

मी सांगितलं तेव्हा मॅडम तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. "अहो, पण ते तर आजारी आहेत!" म्हटलं, आजारी असले तरी भासरेच आहेत ना. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी लगेच मधे चादर बांधून बघितली. माय म्हणाली, "दिसत न्हाईत, पर हायेत तर खरं." वेळ बदलायची म्हटलं तर मॅडम दुपारी नांदेडला परत जायच्या, आणि हॉल एकच. मग मी माझी अक्कल चालवली. चार सेफ्टी पिना घेऊन गेले आणि मायचा पदर केसांना, खांद्याला असा पक्का जखडला की वावटळीत उडाला नसता. म्हाताऱ्यांच्या मुलालाही मी हसत हसत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बापाला सांगतो, तो बी हसल."

चौथ्या-पाचव्या दिवशी सिस्टरांनी मला फाटकातच गाठलं. "चालली! आज पूर्ण कठडा चालली." मी तिथंच टाळी वाजवली. माझ्या पिनांचं मी गल्लीभर कौतुक सांगितलं. महिना संपायच्या आत मायच्या हातात चार पायांची काठी आली आणि एका दुपारी ती मला म्हणाली, "आज मी एकटी जाऊन आले." कुठं ते सांगायची गरज नव्हती. मी तिच्या गळ्यात पडून रडले आणि ती मला म्हणाली, "येडी का काय!"

निघायच्या दिवशी भाऊ जीप घेऊन आला. मी सामान बांधत होते तर पलीकडं म्हाताऱ्यांचा मुलगाही बोचकं बांधताना दिसला. म्हटलं, इतक्या लवकर? तो म्हणाला, "काय करता ताई, बाप हॉलमध्ये जायलाच तयार न्हाई. पंधरा दिवस झाले. फरकच पडंना, मग ठेवून काय उपयोग?"

 मी मावशीला विचारलं, काहून जात नाहीत ते? मावशी म्हणाली, "हट्टी हाये म्हातारा. सिस्टरबी सांगून दमल्या. सकाळी खुर्ची नेली की असं करतो." आणि तिनं डावा हात कपाळावरून खाली ओढून दाखवला, मग बायकांच्या खोलीकडं बोट केलं, मग 'जा' म्हणून हात हलवला. "डोक्याला थंडी लागती म्हणून म्या रोज कानटोपी घालून देते. मग गप पडून राहतो."

कानटोपी! ते पदर दाखवत होते. ती येते तोवर मी येत नाही, एवढंच ते रोज सांगत होते आणि रोज त्यांना टोपी मिळत होती. माय पिनांनी चालली नव्हती. मुलाकडून सगळं ऐकून ते हॉलमध्ये यायचे बंद झाले म्हणून चालली होती, आणि त्यापायी त्यांचे व्यायामाचे दिवस गेले होते.

मी मायला सांगितलं. सांगावं का नाही, असा विचार आला, पण माझ्या पोटात काही राहत नाही. माय खाटेवर बसली होती. तिचं तोंड लाल झालं. आधी मला वाटलं रडते का काय, पण ती चिडली होती. "असं कुठं असतं का?" ती म्हणाली. "माणसानं माणसासाठी असं मरावं का?" काठी घेतली आणि उठली. मी आधाराला गेले तर मला झिडकारलं.

बायकांच्या खोलीतून पुरुषांच्या खोलीकडं जायला लांब पडवी आहे. माय तिथं कधी फिरकली नव्हती. पिना मी काढून ठेवल्या होत्या, घरी जायचं म्हणून. हात काठीवर, पदराला हात नाही. अर्ध्या वाटेत पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला. मी पुढं होऊन सावरणार, तर मायनं मान हलवली. आणि तशीच, उघड्या पांढऱ्या केसांनी, ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

म्हाताऱ्यांनी बघितलं आणि झटक्यात डोळे मिटून घेतले. मुलगा बोचकं तसंच धरून उभा राहिला.

मायला त्यांना काय हाक मारायची तेच ठाऊक नव्हतं. कधी मारलीच नव्हती. ती दोनदा बोलायला गेली आणि थांबली. मग म्हणाली, "दादा."

म्हाताऱ्यांच्या पापण्या थरथरल्या, पण डोळे उघडले नाहीत.

"दादा, मी चालली घरी. उद्यापासून हॉल रिकामा हाये. तुमी जा तिथं. माझ्यापायी पडून राहू नका, मला ते सोसणार न्हाई." ती दम घ्यायला थांबली. "आन डोळे उघडा. तुमच्यामुळं कशी चालून राहिले ते बघा तरी."

मी तेव्हा भिंतीला टेकून रडत होते, सिस्टरही आल्या होत्या, त्यांनी म्हाताऱ्यांच्या मुलाच्या हातातलं बोचकं काढून खाटेखाली सरकवलं. 

म्हाताऱ्यांनी डोळे उघडले. वर नाही बघितलं. खाली, तिच्या पावलांकडं बघितलं. मायनं काठी पुढं टेकवली, उजवं पाऊल टाकलं, मग डावं ओढून त्याच्या शेजारी आणलं. ती खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली, आणि त्यांच्या नजरेनं एकही पाऊल चुकवलं नाही.